बापाच्या बरगड्या

शेरडामेंढराचं मोडलेलं हाड बांधण्यात धर्मापुरीच्या आसपास माझा हात धरणारा कुणी नव्हता. हळद-तेल चोळायचं, बांबूच्या चार कामट्या लावायच्या, वरून चिंधी अशी आवळायची की हाड जागचं हलता कामा नये. महिन्याच्या आत कोकरू उड्या मारायचं. लोक लांबून बोलवायला यायचे अन् मी लई फुगायचो.

त्या साली माजलगावकडच्या एका रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. बाप वाकून जाळीचा खुंटा ठोकत होता. मागून कळपातल्या एडक्यानं धावत येऊन उजव्या कुशीत असा टोला हाणला की बाप आडवाच झाला. मी पळत गेलो, अंगरखा वर करून चाचपलं. बोटाखाली हाड करकरलं. दोन बरगड्या मोडल्या होत्या.

आई म्हणाली, "जीप बोलीव. आंबाजोगाईला नेऊ."

"कावून? हाडच मोडलंय ना? मग मी कशाला हाय?"

"लई शाना हायेस! मानसाचं अन् मेंढराचं एकच आस्तंय का?"

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ते काय खोटं आहे? मी बापाचाच पटका घेतला, छातीभोवती वेढ्यावर वेढे दिले, पाठीला गुडघा लावला अन् जोर करून आवळला.

"लेका, जरा सैल सोड. दम पुरा जाईना," बाप म्हणाला.

"गप बसा आबा. सैल ठिवलं तर हाड जुळंल का?" मी खेकसलो.

बांधल्यावर दुखणं कमी झालं, तेव्हा आईसुद्धा गप्प बसली. तीन दिवस बाप बसून होता. श्वास वरच्या वर, आखूड घ्यायचा. चौथ्या दिवशी खोकला लागला. तोही धड येईना, अर्ध्यातच अडकायचा, कफ आतल्या आत घुरघुरायचा. खोकल्यानं हाड हलेल म्हणून मी आणखी एक वेढा आवळला. आज आठवलं की हे हात तोडून टाकावेत असं वाटतं. पाचव्या दिवशी अंग तापलं, ओठ जांभळे पडले. तेव्हा कुठं मी जीप बोलावली.

आंबाजोगाईच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं आधी कात्रीनं पटका कापला. फोटो काढून आणला अन् मला पडद्यावर दाखवला. उजवीकडं खालचा सगळा भाग पांढरा झाला होता.

"फुफ्फुस आपल्या जोरावर फुगत नाही," ती म्हणाली. "पोटाच्या वरचा पडदा खाली सरकतो, बरगड्या बादलीच्या कडीसारख्या उचलल्या जातात, तेव्हा हवा आत येते. यांच्या बरगड्या उचलूच दिल्या नाहीत. खालचं फुफ्फुस उघडलंच नाही, कफ साठला, न्यूमोनिया झाला. पायाचं हाड बांधतात. बरगडी कितीही दुखली तरी ती हलतीच ठेवायची असते."

"मग ती जुळती कशी?"

"आपोआप. यांच्या तर जागेवरच होत्या."

मग तिनं आईकडं, माझ्याकडं अन् दारातल्या जीपवाल्याकडं बघून विचारलं, "बांधलं कुणी हे?"

खाटेवर बापानं तोंडावरचा मास्क बाजूला केला. एकेका शब्दाला थांबत, छाती वरखाली करत बोलला, "म्याच... बांदून घेतलं. पोरगं... नगं... म्हनत हुतं."

"आबा, असं करतात का?" डॉक्टरीण त्यालाच रागावली. त्यानं चूक केल्यासारखी मान खाली घातली. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. खाली पडलेला पटका गुंडाळत राहिलो.

तिसऱ्या दिवशी बाप गेला.

मातीला सगळं गाव आलं. दवाखान्यातली गोष्ट जीपवाल्यानं आधीच गावात पोचवली होती. चुलता माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तू तरी काय करशील बाबा? लई हेकट मानूस. पोराचं ऐकलं न्हाई."

आई समोरच बसली होती. रडता रडता थांबली अन् माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

मी म्हणालो, "व्हय. लईच हेकट."