पुढचा नंबर सैपाकघराचा

मार्गशीर्षातली सकाळ होती. झाडाचं पान हलत नव्हतं. मी ओसरीवर मंगरूळच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत होते. सासूबाई शेजारी बसून पिवळी पानं वेगळी काढत होत्या. सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर गुलाबभाई फाटकातून आत आला. एरवी तिथूनच "भाभी, चाय!" म्हणून ओरडणारा माणूस. त्या दिवशी टोपी हातात धरून उभा राहिला. आमचे हे आदल्या दिवशी त्याच्याच मोटारीने अकोल्याला बियाणं आणायला गेले होते.

"भाभी," तो म्हणाला, "मालक आमाले सोडून गेले."

छातीत कळ आली, दवाखान्यात नेलं, पहाटे संपलं. बाकीचं त्याने जमिनीकडे पाहत सांगितलं. हातातली जुडी मी नीट बांधून खाली ठेवली, असं सासूबाई नंतर म्हणाल्या. मला आठवत नाही.

माणूस गेलं की घरी बसायला येणारे काहीतरी बोलायचं म्हणून बोलतात. एक जण एखादी आठवण काढतो, त्यावरून दुसऱ्याला दुसरी सुचते. आमच्याकडे तर सगळ्या आठवणी एकाच गोष्टीच्या निघाल्या, घरावरच्या भिरभिऱ्याच्या! तेरवीपर्यंत त्यांचा ढीग झाला. रडायला आलेल्या बायका पदर तोंडाला लावून हसत घरी गेल्या. त्यातल्या काही इथे सांगते.

*

मूळ माझ्या एका वाक्यात होतं. आमचं स्वयंपाकघर घराच्या मागच्या अंगाला, एकही खिडकी नाही. भरदुपारी मिठाचा डबा हाताने चाचपून घ्यावा लागे. "चुलीपाशी जरा उजेड हवा होता," असं मी एकदाच म्हटलं.

गावात वीज नव्हती आणि येईल असं कुणी म्हणतही नव्हतं. पण ह्यांनी एका मासिकात अमेरिकेतल्या शेतकऱ्याच्या घरावरचं भिरभिरं पाहिलं होतं. वारा पातं फिरवतो, पातं डायनामो फिरवतो, की दिवा लागतो! दुसऱ्या दिवशी ओसरीवर चारचौघांसमोर ह्यांनी जाहीर केलं, "हिच्या सैपाकघरात वाऱ्यावर दिवा लावून दाखवतो. शब्द हाय आपला!"

सासूबाई म्हणाल्या, "वाऱ्यानं दिवा इझते, बाबू. लागत नाही."

*

गुलाबभाईने एका मोडीत निघालेल्या मोटारीचा डायनामो मिळवून दिला. सखाराम सुताराने सागाची दोन पाती घडवली. काय सुबक काम! छपराला बांधलेल्या उंच लाकडी बल्लीवर भिरभिरं चढलं, नारळ फुटला, सगळी आळी माना वर करून उभी राहिली. वैशाखातला वारा असा की डोक्यावरचे पदर राहीनात. आणि भिरभिरं? नुसतं थरथरत होतं. फिरायचं नाव नाही!

ह्यांनी ते खाली उतरवलं आणि पाती शेजारी शेजारी ठेवून पाहिली. एका पात्याचा पीळ डावीकडे, दुसऱ्याचा उजवीकडे! एक पातं वाऱ्याला इकडे ढकलत होतं, दुसरं तिकडे.

"सखाराम, हे काय केलं?"

"काहून? कवाडाची जोडी कदी एका अंगाची पाह्यली काय मालक? एक डावं, एक उजवं. आमच्या बापानं बी तसंच केलं, आजानं बी!"

समजावता समजावता ह्यांचा घसा बसला. शेवटी सखारामने नाराजीनेच दुसरं उजवं पातं करून दिलं. भिरभिरं गरगर फिरू लागलं. आळीने टाळ्या वाजवल्या. सखाराम बराच वेळ वर पाहत राहिला आणि म्हणाला,

"फिरून राह्यलं खरं. पण दिसाले खराब दिसते!"

*

बॅटरी मिळेपर्यंत बल्ब थेट डायनामोलाच जोडला होता. पहिल्यांदा जोडून पाहायचा तो ओसरीवर, असं ठरलं. "तुझा नंबर याच्यानंतर," हे मला म्हणाले.

तिन्हीसांजेला वारा आला आणि बल्ब लागला. घरात दिवा लागला की हात जोडायचे, ही आमची रीत. सासूबाईंनी माळ बाजूला ठेवली, हात जोडले. वारा पडला, बल्ब विझला. पुन्हा झुळूक आली, पुन्हा लागला. सासूबाईंनी पुन्हा हात जोडले. त्या दिवशी वाऱ्याला काही धरबंधच नव्हता! लागला, विझला, लागला, विझला. सासूबाई प्रत्येक वेळी हात जोडतायत, डोळे मिटतायत, उघडून पाहतायत तर अंधार!

शेवटी वैतागून त्यांनी ह्यांना हाक मारली. "बाबू, एकतर तुह्या देवाले बसव, नाहीतर मले उठू दे!"

*

आमच्या शेजारी किसनरावांचा मळा. माणूस सरळ, पण डोक्यात एक गोष्ट बसली की बसली. त्या वर्षी त्यांचं खळं आमच्या घराच्या उगवतीला होतं. ज्वारी उपणायला घेतली की वारा पडायचा. दोन दिवस वाट पाहून ते टोपलं घेऊनच ओसरीवर आले.

"मालक, तुमचं भिरभिरं बंद करा."

"काहून?"

"काहून म्हंजे? वारं इकडून येते. आधी तुमचं भिरभिरं खाते, उरलं तं आमच्या खळ्यावर येते. उष्ट्या वाऱ्यानं ज्वारी उपणाव काय आमी?"

हे हसले नाहीत. गुलाबभाईला वर चढवून भिरभिरं दोराने बांधलं. योगायोग असा, की तासाभरात सुरेख वारा सुटला! किसनरावांची सगळी रास झाली. तेव्हापासून आजपर्यंत त्यांना कुणी काही पटवू शकलेलं नाही.

*

बॅटरी आली. मी स्वयंपाकघरातली एक खुंटी रिकामी करून ठेवली. पण बॅटरीच्या पाठोपाठ रेडिओ आला! लढाईचे दिवस, बातम्या ऐकायला अख्खी आळी ओसरीवर. अशा वेळी चुलीपाशी दिवा मागायचा कुणी? शिवाय लढाईमुळे तारही मिळेना. "पुढचा नंबर सैपाकघराचा!" हे म्हणाले. हे वाक्य आता सगळ्यांना पाठ झालं होतं. ह्यांनी तोंड उघडलं की गुलाबभाईच ते पूर्ण करायचा.

थंडीत वारा पडला की बॅटरी उतरायची आणि रेडिओचा आवाज बारीक बारीक होत जायचा. एकदा बातम्या देणाऱ्याचा आवाज अगदीच खोल गेला. किसनराव कान लावून बसले होते. कळवळून म्हणाले,

"वहिनी, त्या बिचाऱ्याले भाकर-गिकर द्या थोडी. उपाशी बोलून राह्यला तो!"

*

एकदा मात्र भिरभिरं खरोखरच अडलं. वारा भरपूर, पण डायनामोचा आस जाम. गुलाबभाईने उघडून पाहिलं तर आत डिंकासारखं काहीतरी पिवळं घट्ट बसलेलं.

"मालक, तेल कोन्तं टाकलं?"

"सखाराम वर गेला होता, त्यानं टाकलं."

सखाराम म्हणाला, "जवसाचं. चांगलं घाण्याचं, ताजं! आपल्या घरचं माणूस समजून टाकलं."

जवसाचं तेल! त्याने लाकडावर पॉलिश करतात, कारण ते वाळून घट्ट होतं. हे सखारामपेक्षा जास्त कुणाला ठाऊक? गुलाबभाई खरवडत बसला. त्याच्या शिव्या संपल्यावर सखाराम शांतपणे म्हणाला,

"पण चमकून कसं राह्यलं, ते पाह्य ना!"

*

हे गेले त्या सकाळी गुलाबभाईने ह्यांना आपल्याच मोटारीतून घरी आणलं. सगळं आटोपल्यावर ओसरीवर दहा दिवसांचा दिवा ठेवायची वेळ आली. कुणीतरी समई पुढे केली. सासूबाईंनी ती बाजूला सारली.

"तेलाचा नोको. त्याचा लावा."

समई आत गेली. बल्ब लावला. पण दिवस मार्गशीर्षाचे. वाऱ्याचं नाव नाही, भिरभिरं गप्प, बॅटरी अर्धी. दहा दिवस कुठून निघणार?

गुलाबभाई वर चढला आणि डायनामो काढून खाली आणला. आपली सायकल अंगणात स्टँडवर उभी केली. मागच्या चाकाचा टायर काढून उघड्या कडेवरून पट्टा घेतला, तो डायनामोला जोडला आणि वर बसून पायडल मारू लागला. तो थकला की सखाराम. मग आळीतलं कुणी. मी आत स्वयंपाकघरात बसून साखळीचा आवाज ऐकत होते.

तिसऱ्या दिवसापासून सासूबाईंनी ओसरीवर बसून कायदाच केला. बसायला येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला एकच सांगणं, "आधी सायकलवर बस. मंग इथं बस!" इंझोरीहून आलेले आमचे व्याही, डोक्याला फेटा, पायात करकरीत जोडे, तेही बसले! किसनराव जन्मात सायकलवर चढले नव्हते. दोघांनी धरून वर बसवलं. मग मात्र उतरेनात. घाम पुसत म्हणाले,

"सकाळपासून चालवून राह्यलो वहिनी, पण मालकाचं गाव काही आलं नाही."

दिवा दहा दिवस विझला नाही.

तेरवी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबभाई पक्कड आणि तारेचं वेटोळं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. तार कुठून मिळवली, ते त्याने सांगितलं नाही.

"भाभी, मालकाचा शब्द हाय. लावून देतो."

"आज राहू द्या, गुलाबभाई."

"मंग कवा?"

"वारं सुटलं की."

तो मान हलवून गेला. जाण्यापूर्वी डायनामो पुन्हा वर चढवून गेला. वैशाखात वारं सुटलं. भिरभिरं दिवसभर फिरतं, ओसरीवर दिवा लागतो, सासूबाई हात जोडतात, आळी बातम्या ऐकते.

स्वयंपाकघरातली तार मी अजून ओढू दिलेली नाही.