लाल विटांचं चर्च, बाहेरून

सिंगापूरच्या क्वीन्सटाउनमधल्या मराठी मंडळींत चंद्रशेखर दातारांना सगळे चर्चवाले काका म्हणत. माणसाचा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेला, पण इंजिनाबद्दल त्यांना कुणी अवाक्षर विचारत नसे.

बत्तीस वर्षांपूर्वी त्यांचं जहाज बाल्टिक किनाऱ्यावरच्या एका बंदरात कोळसा भरायला थांबलं होतं. किनाऱ्यावर जायला चार तास मिळाले. बाकीचे दुकानांत पांगले, काका गेले सहाशे वर्षांचं चर्च बघायला. त्या मुलखात दगडाची वानवा, चिकणमाती मात्र हवी तेवढी. म्हणून लोकांनी विटा भाजल्या आणि शंभरेक वर्षं खपून त्या रचल्या. काकांनी खिशातल्या टेपनं मापं घेतली. दोन विटा लांब, एक आखूड, पुन्हा दोन लांब. टोकदार कमानी, भिंतींना टेकू देणारे जाडजूड खांब, सगळं वहीत उतरवलं. त्या वहीवर मंडळात दरवर्षी व्याख्यान व्हायचं आणि शुभदाकाकू पहिल्या रांगेत बसून नवऱ्याच्या आधी पुढचं वाक्य पुटपुटायच्या.

"आत पाऊल टाकलं, की चहूकडे लाल विटा! निखारेच!" इथे काका हात पसरायचे आणि टाळ्या पडायच्या.

यंदा टाळ्यांनंतर बँकेतली अनुया उठली. ती नुकतीच तिथे फिरून आली होती. "काका, आत तर सगळं पांढरं आहे. भिंती, खांब, छत, सगळ्याला चुना." तिनं भाबडेपणानं फोन पुढे केला. तो रांगेतून फिरू लागला.

काकांचा चेहरा पडला. चुना नंतर लावला असेल, असं ठोकून देता आलं असतं. पण नात ऋता समोर बसली होती, आणि शाळेत तिनं त्या निखाऱ्यांवर निबंध लिहिला होता.

"मी आत गेलोच नव्हतो," काका म्हणाले. "दार बंद होतं. चार तास थंडीत उभा राहिलो, कुणी उघडलं नाही."

"बंद कुठे असतं? थंडी आत येऊ नये म्हणून नुसतं लोटलेलं असतं," अनुया म्हणाली.

"अगं, पण बाहेर एकसुद्धा चप्पल नव्हती!"

अख्खा हॉल खो खो हसला. ऋतानं कपाळावर हात मारला. "आजोबा, जस्ट पुश लाह!"

काकाही हसले. पण बोटींवर अडलेला एकेक व्हॉल्व्ह उघडणाऱ्या माणसानं एका दाराला हात लावून बघू नये, याची हळहळ त्यांना रात्रभर छळत राहिली.

सकाळी कॉफीला निघालेले काका ब्लॉकशेजारच्या चर्चपाशी थबकले. अठरा वर्षं ते त्याच्यासमोरून जात होते. बाहेर चप्पल कधीच दिसली नव्हती. त्यांनी दार ढकललं.

ते उघडलं. आत पंधरावीस माणसं बसली होती, सगळी बूट घालून. काकांनी आपले बूट काढले, हातात घेतले आणि अनवाणी आत गेले.