निंगव्वाच्या मळ्यातला गुलाब

सोलापूरच्या गाडीत बसले तेव्हा माझ्या पर्समध्ये रुमालात बांधलेल्या चार सुकलेल्या गुलाबपाकळ्या होत्या. पुण्याच्या आमच्या परसातल्या देशी गुलाबाची ही शेवटची खूण. आईचं माहेर सोलापूरचं. लग्न होऊन आली तेव्हा तिने या गुलाबाची काडी सोबत आणली होती, आणि पुढे पन्नासहून जास्त वर्षं त्याच्या गुलकंदावर आम्ही उन्हाळे काढले. दुष्काळात झाड वाळलं. तेव्हापासून आईने परसाचं दार लावलं ते लावलंच. गुलकंदाची बरणीसुद्धा तिने माळ्यावर टाकली.

भाऊ म्हणाला, "अगं, नर्सरीत हवा तसला गुलाब मिळतो."

मिळतो ना! बशीएवढं फूल आणि वासाच्या नावाने शंख. मी इतिहासाची शिक्षिका, आणि शाळेत हट्टीपणासाठी प्रसिद्ध. काडी घेतल्याशिवाय परतायचं नाही, असं ठरवूनच निघाले.

जेऊर स्टेशन गेलं, केम गेलं. दोन्हीकडे ज्वारी कणसांवर आली होती. दुष्काळानंतर ते हिरवं रान बघून बरं वाटलं. मी गुलाबाचं टिपण काढून बसले. नावच मुळी फारसी : गुल म्हणजे फूल, आब म्हणजे पाणी. म्हणजे गुलाब हे खरं तर गुलाबपाण्याचं नाव. आपण ते फुलालाच देऊन मोकळे झालो. रोमन लोक म्हणे मेजवानीत छताला गुलाब टांगत, आणि त्याखाली झालेली गोष्ट बाहेर बोलायची नाही असा दंडक होता. हे मी मुलांना दरवर्षी सांगते.

सोलापूरला उतरून टांगा केला आणि सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेले. "तिथल्या फुलवाल्यांना विचार," एवढाच पत्ता आईने दिला होता. एक म्हातारे चाचा हार ओवत होते. एकाच टोपलीतली फुलं देवळाच्या हारात जात होती आणि दर्ग्याच्या फुलांच्या चादरीतही. मला गंमत वाटली. तसं बोलून दाखवलं, तर ते म्हणाले, "फूल कू क्या मालूम बाई, किदर जाना है."

मी रुमाल उघडला. त्यांनी पाकळी चुरून नाकाशी नेली. "हौ, देसीच है. अब्बी एकच झाड बचा होंगा. अक्कलकोट नाके के पार, निंगव्वा के मळे में."

चुकत-माकत, एका चपलेचा अंगठा तोडून घेऊन मळ्यात पोचले. निंगव्वा साठीची, कपाळावर विभूती, घरात कानडी आणि माझ्याशी मराठी. आधी जेवायला वाढलं : कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. विहिरीशेजारी ते झाड उभं होतं. वारा आला की आमचं परस आठवायचं.

मी काडी मागितली.

"न्हाय द्यायची," ती म्हणाली. "हातानं दिल्याली काडी लागत न्हाय. ती चोरून न्यायची असती. आन मालकिणीनं मागनं शिव्या घालायच्या. तवा धरती मूळ."

"अहो, मी शिक्षिका आहे. चोरी करू नये, हे शिकवण्यात जन्म गेला माझा."

"मग ऱ्हाऊ द्या की! एकाला दिली हुती हातानं. आठ दिसांत काळी पडली. एकच झाड हाय माजं, फुकट काडी मोडायची न्हाय मला."

तासभर हुज्जत घातली. मी शास्त्र सांगितलं, ओली माती सांगितली, आईचं वय सांगितलं. ती बाई ढिम्म हलली नाही. शेवटी ती उठली आणि मुद्दाम मोठ्याने म्हणाली, "मी आत चटणी कुटाया जाते. हू (फूल) कुनी तोडलं तर मला दिसायचं न्हाय."

आतून मुसळाचा आवाज यायला लागला. आईचं ते लावलेलं दार डोळ्यांसमोर आलं. म्हटलं, पुरे झाली नीती. पर्समधलं ब्लेड काढलं, काडी कापली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि पळाले. काट्यात अडकून पदर टर्रकन फाटला. मागून निंगव्वा ओरडत होती, "कळ्ळी! कळ्ळी! (चोरटी!) मुडदा बशिवला तुजा!" आणि मधेच हसत होती. पन्नाशीच्या बाईने तुटकी चप्पल हातात घेऊन बांधावरून असं पळावं! लाज वाटली, पण आनंद त्याहून मोठा होता.

दुसऱ्या दिवशी पुण्याला पोचले. वाटेत एक सभ्य हकिकत जुळवून ठेवली होती. कारण ही आई म्हणजे, लहानपणी शेजारच्यांचं एक मोगऱ्याचं फूल तोडलं म्हणून मला उपाशी ठेवणारी. आणि लग्नानंतर आणलेली स्वतःची काडी एका बाईने प्रेमाने हातात दिली, असं तिनेच आम्हाला चाळीस वर्षं सांगितलं होतं.

"अगदी प्रेमाने दिली गं त्या बाईने," मी म्हणाले.

आईने काडीचा वास घेतला. मग माझ्या फाटक्या पदराकडे बराच वेळ पाहिलं.

"शिव्या घातल्या का तिनं?" तिने हळूच विचारलं.

मी पदर खोचत म्हणाले, "भरपूर."

"मग लागेल," आई म्हणाली आणि परसाचं दार उघडायला उठली.