सहा स्वागतगीतं आणि बाबांची चाल

चौदा एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात मी पेटी वाजवणार हे ठरलं, तेव्हा मला कुणी विचारलंच नव्हतं. तेलुगू मुलखातल्या बाजारहत्नूरच्या मराठी शाळेत मास्तरीण म्हणून लागून जेमतेम वर्ष झालं होतं. कमिटीच्या सेक्रेटरींना कुठून तरी कळलं की माझे बाबा एके काळी गावोगाव गायन पार्टीत पेटी वाजवायचे. झालं! "म्याडम, पेटी तुमची," म्हणाले नि सायकलवर टांग मारून निघूनही गेले.

पेटी मला येत होती, पण अर्धी. मी सातवीत असताना बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. हात गेला, चाली मात्र डोक्यात शाबूत राहिल्या. मग ते पेटीच्या पलीकडे बसून डाव्या हाताने भाता हलवायचे आणि अलीकडे बसून मी बोटं चालवायची. दोघांत मिळून आमची एक पेटी. त्यामुळे नोकरी लागेपर्यंत मी भात्याला हात लावलाच नव्हता. कार्यक्रमाआधी महिनाभर खोलीत एकटीने घोकलं. डावा हात एकीकडे, उजवा दुसरीकडे. घरमालकीण शेवटी म्हणाली, "बाई, दार तरी लोटून घेत जा."

वाजवायचं होतं ते बाबांचं गाणं. सालगडी होते तेव्हा औतामागे चालता चालता त्यांनी ते रचलं, चालही त्यांचीच. पोरीला शाळेत घाल, असं बाप स्वतःलाच समजावतो, एवढंच त्यात आहे. तीन कडवी. बैल चालतात तशी संथ चाल. हात गेल्यापासून ते गाणं स्टेजवर कुणी म्हटलं नव्हतं. बाबांना ते एकदा चारचौघांत ऐकायचं होतं. तोंडाने बोलले नाहीत, पण धुतलेलं धोतर नेसून सकाळच्या बसने आले, त्यातच मी समजले.

परतीची बस चारची, आणि तीच शेवटची. घरी आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर पट्टी, आणि शेजारीण दिवस मावळेपर्यंतच बसणार होती. म्हणजे चारच्या आत ऐकलं तर ऐकलं.

पत्रिकेत वेळ अकराची. पहिले पाहुणे आले साडेबाराला. एप्रिलचं ऊन, मांडवाचं कापड तापून त्याचा वास सुटलेला. स्वागतगीत सुरू झालं. शाळेच्या चार मुली गायला, पेटीवर मी. बाबांचं गाणंही याच मुलींकडून बसवून घेतलं होतं. लोकांसमोर आयुष्यात पहिल्यांदा वाजवलं ते हे! भाता मधेच अडकला, एक सूर भलताच लागला. कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे हार कुणी घालायचा यावर बोलत होते.

सुटले एकदाची, असं मला वाटलं. तेवढ्यात दुसरे पाहुणे आले. भाषण थांबलं, हार आला आणि सेक्रेटरींनी माझ्याकडे बोट केलं. पुन्हा स्वागतगीत. आमच्याकडे जो पाहुणा येईल त्याला अख्खं गाणं लागतं. अर्ध्यावर सोडलं तर तो वर्षभर बोलत नाही. मग तिसरे आले. चौथे आले ते एकटेच, पण फुगून बसले, म्हणून त्यांच्यासाठीही. पाचव्या वेळी त्या मुलींचा आवाज पार बसला होता आणि माझा डावा हात खांद्यापासून ठणकत होता. पाणी प्यायला उठायचं तर पेटी कुणाच्या हवाली करायची? माझे स्वतःचेच कान किटले होते. असं वाटत होतं, गेलं खड्ड्यात, आडवं व्हावं इथेच सतरंजीवर.

बाबा दुसऱ्या रांगेत खुर्चीवर बसून होते. निकामी हात मांडीवर ठेवलेला. जेवायलासुद्धा उठले नाहीत.

तीन वाजता मी सेक्रेटरींना म्हटलं, "आता तरी आमचं गाणं घ्या. बाबांची बस हाय."

"थांबा ना म्याडम जरासं. मंडल ऑफिसचे साहेब निघाले म्हणून राह्यले. ते आले की लगेच तुमचंच."

मंडल म्हणजे आमच्याकडचा तालुका. साहेब पावणेचारला आले. जीपची धूळ अजून मांडवात होती, आणि मी सहावं स्वागतगीत वाजवलं. ते संपलं तशी माझ्या मस्तकात सणक गेली. साहेबांच्या गळ्यात हार, सेक्रेटरी माइककडे निघालेले. मी कुणाला न विचारता बाबांचं गाणं सुरू केलं. मुलींनी दचकून माझ्याकडे पाहिलं आणि मागून सूर धरला.

आता काय सांगू! डोळा समोरच्या घड्याळावर. दहा मिनिटं राहिली, त्यातली पाच बाबांना स्टँडपर्यंत चालायलाच लागतात. पहिलं कडवं पळवलं, दुसरं त्याहून पळवलं, तिसऱ्याला मुलींना श्वास घ्यायला जागा ठेवली नाही. साहेब मान डोलवत होते, त्यांना वाटलं स्वागत अजून चालूच आहे. टाळ्या पडल्या. मी पेटी उघडी टाकून खाली उतरले आणि बाबांचा हात धरला.

"चला, चला लवकर."

बाबा त्यांच्याच चालीने निघाले. मांडवाबाहेर आल्यावर म्हणाले, "बोटं बरी होती. भाता लय पळत होता."

माझा राग उसळला. दिवसभराचा सगळाच. "अहो, बसच्या पायी पळवला! चार वाजून राह्यले, दिसत नाही का तुमाले? बस निघून गेली असती मंग?"

"बस कुठी जाते वं?" ते म्हणाले.

मला कळलं नाही. स्टँडवर पोचलो तर इंजिन बंद. डायव्हर कडुनिंबाखाली गमछा अंथरून पडलेला. तेलुगू माणूस, पण आमच्या फेऱ्या करून करून मराठी बोलायचा. आम्हाला पाहून उठला आणि म्हणाला, "झालं का? एवढ्यात? बाबांनी सकाळीच सांगितलं होतं, पोरीचं वाजवणं झाल्याबिगर गाडी काढू नको. पाचपर्यंत थांबतो म्हटलं होतं मी."

गाडीत तीसेक माणसं असतील. बायका पदराने वारा घेत होत्या, सगळ्यांना ठाऊक होतं. खिडकीतून एक म्हातारी म्हणाली, "काऊन वं पोरी, एवढ्या झटक्यानं आटपलं? आमी तं निवांत बसलो होतो."

मी बाबांकडे पाहिलं. "मले काऊन नाही सांगितलं?"

"तुह्या डोक्याले आणखी घोर कशाले?" ते म्हणाले, आणि डाव्या हाताने दांडा धरून वर चढले.

मला तिथेच रडू फुटलं. सहा पाहुण्यांना मी अख्खं गाणं वाजवलं. माझ्यासाठी अख्खी बस पाचपर्यंत उन्हात थांबणार होती, आणि ज्या एका माणसाला ऐकायचं होतं त्याच्याच गाण्याची मी घाई केली. बाबांनी खिडकीतून मला खोलीवर जाऊन झोपायला सांगितलं. बस चार वाजता, अगदी वेळेवर सुटली.