चौथ्या पानावरची विहीर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही — तो आता नाहीच — आणि नागपूरला असलेल्या लेकीलाही नाही. सांगायची वेळ कधी आली नाही, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. वेळ पुष्कळदा आली, आणि दर वेळी मीच विषय बदलला.

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगते. ओळखीच्या माणसाला सांगायची माझी छाती नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. कारंज्यात एक खोली आणि स्वयंपाकघर भाड्याने घेऊन एकटी राहते, सकाळच्या एसटीने धनजच्या बाजूला एका लहानशा गावात जाते, दुपारी परत येते. संध्याकाळी सकाळचीच भाजी गरम करते. लेकीचा फोन येतो, पाच मिनिटं. मग काही नसतं.

गोष्ट एका पुस्तकापासून सुरू होते — म्हणजे खरं तर त्याच्या फार आधी, पण मला पुस्तकापासून सुरू करणं सोपं जातं. शाळेत लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांची पेटी यायची. त्यात उन्हाळ्याची पुस्तकं ठरलेली: समुद्र, वाळूचे किल्ले, पट्ट्यापट्ट्यांची छत्री, फुगवलेलं रबरी बदक. सूर्याला नाक-डोळे, आणि तो हसतोय. आमच्याकडचा एप्रिलातला सूर्य हसत नाही, हे दुसरीतल्या पोरालाही ठाऊक असतं. एकाने मला विचारलंही होतं, बाई, हे लोक एवढ्या उन्हात उघडे काहून बसले, याहिले घर नाही काय? मी पोट धरून हसले होते.

म्हणून काही वर्षांपूर्वी जेव्हा ठरलं की शिक्षकांनीच आपापल्या गावाकडच्या उन्हाळ्यावर चित्रांची पुस्तकं करावीत, तेव्हा पहिला हात माझा वर गेला. कुणी गारीगारवाल्यावर केलं, कुणी चिंचा पाडण्यावर, एका सरांनी आंब्याची राखण घेतली. मी विहीर घेतली. केनवडजवळच्या माझ्या माहेरची, काकांच्या शेतातली पायऱ्यांची विहीर. शब्द माझे, चित्रंही माझीच.

चौथ्या पानावर सगळ्यात मोठं चित्र आहे. हिरवंगार पाणी, त्यात मी — गळ्यापर्यंत. आणि वर, पायरीवरून उडी मारलेली दुसरी मुलगी, हवेत, पाठीला तेलाचा पत्र्याचा रिकामा डबा बांधलेला. आमच्याकडे तसंच शिकवायचे पोहायला. डब्याचं तोंड कथलाचा डाक देऊन बंद करायचं आणि दोरीने पाठीला बांधायचं. त्या मुलीचं नाव मी पुस्तकात मैना ठेवलं. चित्राखाली लिहिलं, ‘मी हाक मारली, मैना, ये ना! आणि मैना आली — धपाक!’ पाचव्या पानावर दोघी उंबराखाली बसून तिखटमीठ लावलेली कैरी खातात. केसांतून पाणी गळतंय. आणि शेजारी माझे काका उभे आहेत, हसत.

काकांना मी हसताना काढलं. ब्रश हातात होता, मनात येईल ते काढता येत होतं.

पुस्तक आमच्या जिल्ह्यापुरतं चांगलं चाललं. मुलांना चौथं पान फार आवडायचं. पोरं विचारायची, बाई, हे खरंच झालं होतं? मी म्हणायची, हो, अगदी असंच.

आता काय झालं होतं ते.

तिचं नाव शीला. तिचा बाप माझ्या काकांकडे सालगडी होता. बौद्ध वस्तीतलं घर. शीलाने आणि मी चौथीपर्यंत एका पाटीवर लिहिलं, आणि तिचं वाचन माझ्यापेक्षा चांगलं होतं. सुट्टीत मी चुलत भावंडांबरोबर विहिरीवर गेले की तीही यायची. आम्ही पोहायचो आणि ती वर उंबराच्या सावलीत आमचे कपडे सांभाळत बसायची. तिला ‘तू उतरू नको’ असं कुणी म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. म्हणावं लागत नसे. मला त्यात काही वावगं वाटलं होतं का? नाही. खोटं कशाला सांगू — दोन-तीन उन्हाळे मला ते दिसलंसुद्धा नव्हतं.

चौथीची परीक्षा झाल्यावरच्या एका दुपारी आम्ही दोघीच होतो. भावंडं लग्नाला गेलेली. मला एकटीला पोहायचा कंटाळा आला. बस, एवढंच. मोठं काही मनात नव्हतं, दया वगैरे तर नाहीच. मला सोबत हवी होती. मी तिला हाक मारली. ती नाही म्हणाली. मी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदा मी वर गेले, माझा डबा तिच्या पाठीला बांधला, दोरी काखेखालून घेऊन मागे दोन गाठी मारल्या, आणि खाली येऊन परत हाक मारली. तेव्हा तिने उडी मारली.

ती किती हसली हे मी चित्रात काढू शकले नाही. पाण्याला घाबरत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम.

काका केव्हा येऊन उभे राहिले, कळलं नाही. ते ओरडले नाहीत. हळूच विचारलं, “हिले कोनं बोलावलं?”

मी म्हणाले, “म्या नाई. तिनंच उडी मारली. मी नाई म्हनत होती.”

एवढं पटकन कसं आलं तोंडात? मी आधी ठरवलेलं नव्हतं. तेच मला आजही भिववतं — ते वाक्य तयारच होतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी विहिरीवर इंजिन लावलं. सगळं पाणी उपसून टाकायचं आणि विहीर ‘साफ’ करायची. मे महिना. बायका डोक्यावर हंडे घेऊन लांबून पाणी आणत होत्या, आणि आमच्या विहिरीचं पाणी दोन दिवस नाल्यात चाललं होतं. पिकालासुद्धा ते दिलं नाही.

वस्तीतली चार माणसं विचारायला आली. शीलाचा बाप त्यांच्यात होता, आणि त्याच्या मागे ती. त्यांचं म्हणणं सरळ होतं: लेकरांचा खेळ आहे, तुमच्याच पोरीनं बोलावलं असेल, मग पाणी उपसायचं कारण काय? काका वळून माझ्याकडे, ओट्याकडे बघायला लागले. माझ्या एका शब्दावर ते सगळं येऊन थांबलं होतं. मी ‘हो, मी बोलावलं’ म्हटलं असतं तर काकांना इंजिन बंद करावं लागलं असतं की नाही, माहीत नाही. पण शीलावरचा आळ तरी गेला असता. काकांनी मला पुढे ओढलं आणि म्हणाले, “लेकरू खोटं नाई बोलत. इचारा तिलेच.”

मी तेच वाक्य दुसऱ्यांदा सांगितलं. सगळ्यांसमोर, तिच्या बापाच्या तोंडाकडे बघून.

बाप मागे वळला. “तू आपल्या मनानं गेली काय वं?”

शीलाने माझ्याकडे पाहिलं. मग मान हलवली — हो म्हणून.

का? मी याचा इतकी वर्षं विचार करते आहे. घाबरली असेल. किंवा मला मार बसेल म्हणून असेल. हे दुसरं कारण मला आवडतं, आणि म्हणूनच त्यावर माझा विश्वास नाही. डब्याची गाठ तिच्या पाठीवर होती. पाठीवरची गाठ कुणाला स्वतःची स्वतःला मारता येते? काकांना ती दिसली नसेल? दिसली असेल. मलाही माहीत होतं की त्यांना दिसली आहे.

बापाने तिला तिथेच मारलं. हाताने, पण फार. चार माणसं खाली मान घालून परत गेली. आठवड्याच्या आत त्याचं काम सुटलं, आणि ते लोक तिच्या आईच्या माहेरी, धनजकडे निघून गेले. पाचवीचा वर्ग सुरू झाल्यावर गुरुजी काही दिवस तिचं नाव पुकारत होते. मग एके दिवशी त्यांनी पुकारलं नाही.

मला याच बाजूच्या शाळेत बदली मिळाली तेव्हा मनात काही आलं का, असं तुम्ही विचाराल. आलं. इतक्या गावांत ती थोडीच भेटणार आहे, असं आलं.

आता माझ्या वर्गातली प्रज्ञा. तिसरीतली, बारीक, वाचायला चुणचुणीत. शनिवारी आम्ही प्रत्येक मुलाला एक पुस्तक घरी देतो. एकदा तिने माझं पुस्तक नेलं. सोमवारी पोरं पाढे म्हणत होती आणि ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, आजीला आता वाचता येत नाही नीट, चौथीनंतर शाळाच सुटली तिची, सवय गेली, म्हणून मीच वाचून दाखवलं, तर आजीनं चौथं पान तीनदा वाचायला लावलं. मागच्या पानावर माझा फोटो आहे, त्यावर बोट ठेवून आजी म्हणाली, ही सुमी आहे.

मला सुमी म्हणणारं आता कुणी उरलेलं नाही, असं मी समजत होते.

मग प्रज्ञाने आजीचा निरोप सांगितला. पाठ करून आणला होता, एकही शब्द न बदलता. “आजीनं इचाराले सांगतलं, हाक तू मारली होती, त मंग माह्या बापासमोर काहून नाई सांगतलं?”

एका आठ वर्षांच्या मुलीच्या तोंडून. तिला त्या प्रश्नाचा अर्थ माहीत नव्हता. ती नुसती उत्तर न्यायला उभी होती.

मी म्हणाले, “गोष्टीतलं असतं गं ते, प्रज्ञा. खरं थोडीच असतं?”

ती बरं म्हणाली आणि जागेवर जाऊन बसली. शाळेपासून तिचं घर चालत दहा मिनिटांवर आहे. एसटी त्याच रस्त्याने जाते. मी रोज तिच्या घरावरून जाते आणि रोज दुसऱ्या बाजूच्या खिडकीशी बसते.

इथे थांबता आलं असतं. पण मी जे सांगायला बसले ते अजून झालेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात निरोप आला की पुस्तक पुन्हा छापायचं आहे, काही दुरुस्त्या असतील तर कळवा. मी लाल पेन घेऊन बसले. पाचव्या पानावरचे हसणारे काका काढून टाकता आले असते. त्यांच्या जागी इंजिन रंगवता आलं असतं, नाल्यात चाललेलं पाणी दाखवता आलं असतं. मुलांना कळलं असतं, मुलांना सगळं कळतं. मला भीती तरी कुणाची होती? काका जाऊन पंधरा वर्षं झाली. ती विहीर बुजली, त्यावर आता गोठा आहे. माझं कुणी काही वाकडं करणार नव्हतं.

मी चौथं पान घेतलं. हाक मारल्याची ओळ खोडली. तिथे लिहिलं, ‘मैनाने आपल्या मनाने उडी मारली — धपाक!’

छपाई बघणाऱ्या मॅडमचा फोन आला. बदल फार छान आहे म्हणाल्या, मुलगी धीट वाटते. मी त्यांचे आभार मानले.

नव्या प्रती यंदा सुट्टी लागायच्या आधी आल्या. सुट्टीत वाचायला प्रत्येक मुलाला एक. मी नावं पुकारत गेले आणि मुलं येऊन घेत गेली. प्रज्ञाने पुस्तक हातात घेतल्याबरोबर, तिथेच उभ्या उभ्या, चौथं पान उघडलं. ओळीखाली बोट धरून वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. पुस्तक दप्तरात घातलं आणि घरी गेली, आजीला वाचून दाखवायला.

मी तिला थांबवलं नाही.