तोंड बघून जुडी

त्या पत्रकातलं प्रत्येक वाक्य माझं आहे, म्हणून आधीच सांगते: पत्रक खोटं होतं.

मागण्या खऱ्या होत्या. गतिमंद मुलांना शाळेत नुसतं हजेरीपटावर घेतात, विशेष शिक्षक कधीतरी तोंड दाखवून जातो, आईबापांना कुणी काही समजावत नाही. हे मी आजही तितक्याच चिडून लिहीन. पण मागणीच्या वर एक गोष्ट लागते, वाचणाऱ्याला हलवणारी. मी काम करते त्या संघटनेत हे शिकवतात आणि मी ते लई लवकर शिकले. गोष्ट म्हणून मी माझी भाची वापरली.

माझी मावसबहीण पाचोडला आठवडी बाजारात कोथिंबीर घेऊन बसते. तिची मुलगी नऊ वर्षांची. बोलणं उशिरा आलं, अजूनही मोजकंच. मी अर्धा तास त्यांच्या पोत्यावर बसले, चहा प्याले आणि संभाजीनगरला परतताना बसमध्येच लिहून काढलं: ‘जिला काहीच कळत नाही, अशा लेकराला शाळेऐवजी बाजारात राबवलं जातं.’ ताईला वाचून दाखवलं नाही. "धरण्याला पोरीला घेऊन ये," एवढाच फोन केला. माझ्यावर विश्वास ठेवून ती आली.

जिल्हा परिषदेसमोर भर उन्हात घोषणा चालू होत्या. पत्रकांचा गठ्ठा सतरंजीवर होता. पोरगी उठली, एक पत्रक उचललं, समोरच्या माणसापुढं धरलं आणि थांबली. तो मोबाइलमध्ये होता. ती हलली नाही. त्यानं वर बघितलं तेव्हा म्हणाली, "घ्या. परत या." मग पुढचा माणूस. एकाला एकच. पोलिसालासुद्धा.

मी खूश होऊन फोटो काढला.

ताईनं एक पत्रक मागून घेतलं. सातवी शिकलेली ती. बोट ठेवून वाचत गेली. एका ओळीवर बोट थांबलं.

"काहीच कळत नाय, व्हय?"

"ताई, असं लिहावं लागतं. त्याशिवाय हे लोक हलत नाहीत."

"दोन वर्षं लागली तिला. आधी पोत्याखाली लपायची. मग अख्खा ढीग एकालाच देऊन टाकायची. मी शिकवलं, आधी माणसाचं तोंड बघ, त्याला तुझं बघू दे, मग एक जुडी. गिऱ्हाईकं बी थांबायला शिकली. तू अर्धा तास बसली व्हतीस ना बाई तिथं? काय बघितलंस मग?"

तिला काहीच कळत नाही असं लिहिलेला कागद पोरगी वाटतच होती, एकेकाचं तोंड बघून. मी गठ्ठा उचलला तर रडायला लागली. हातातलं काम मी अर्ध्यात काढून घेतलं होतं.

पत्रकं पाचोडला पोचली. "लेकराला राबवती," असे टोमणे बाजारात सुरू झाले, तशी ताईनं तिला घरीच ठेवली. तीन बाजार पोरगी घरात. "बोलायची बंद झाली. भिंतीकडं तोंड करून बसती," ताईनं फोनवर सांगितलं. शिबिरात आम्ही फळ्यावर ‘सामाजिक-भावनिक विकास’ असं लिहितो. तो त्या पोत्यावर चालला होता. मी तो बंद पाडला.

चौथ्या बाजाराला मी गेले. ताईच्या ओळीतल्या प्रत्येकाला सांगितलं की लिहिणारी मीच, आणि चुकीचं लिहिलं. बांगडीवाली म्हणाली, "शिकलेली दिसती, अन् डोळ्यापुढचं दिसलं नाय?" ऐकून घेतलं. दुपारी ताई पोरीला घेऊन आली.

पहिल्या दोन गिऱ्हाइकांना पोरीनं काहीच दिलं नाही, आईच्या पाठीमागंच राहिली. तिसरी एक म्हातारी वाकून तशीच थांबली, हलेच ना. बऱ्याच वेळानं एक जुडी तिच्या पिशवीत गेली.

मी मागं उभी होते. माझी पाळी आली. पोरीनं जुडी उचलली, पुढं धरली. मी हात पसरला, पण जुडी काही हातात येईना. वाटलं, हिनं राग धरला, आणि धरावाच.

"अगं, वर बघ की," ताई म्हणाली. "त्याबिगर नाय द्यायची ती."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, इतका वेळ मी कोथिंबिरीकडंच बघत उभी होते.