टाकीची दुसरी किल्ली

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावाला नाही. मग तुम्हाला तरी का सांगतोय? — माहीत नाही. मन हलकं होईल म्हणून म्हणावं, तर मन जड आहे असंही वाटत नाही. काहीच वाटत नाही. चार वर्षं झाली, तिथं नुसतं बधिर आहे. दाताला इंजेक्शन दिल्यावर गाल असतो ना, तसं.

तेलापासून सुरू करतो. ते सांगायला सोपं आहे, ऐकणाऱ्याला हसू तरी येईल.

मी कामोठ्यात राहतो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात बिलं आणि गाड्यांची भाडी बघतो. जोडधंदा म्हणून एक जुनी डिझेलची सात सीटर घेतली होती. ती तळवलीतल्या एका पॅकिंगच्या कारखान्याला लावली होती — सकाळी कामोठ्यातून कामाला जाणाऱ्या बायका घ्यायच्या, संध्याकाळी परत आणून सोडायच्या. चालवायला सुदाम होता. आमच्या साताऱ्याकडचा, गावचाच, माझ्याहून बराच लहान. मला दादा म्हणायचा. त्याची बायको आणि दोन मुली जवळच्याच खोलीत राहायच्या, तरी संध्याकाळी गाडी लावून झाली की तो आमच्याकडे जेवूनच घरी जायचा, आणि ताट स्वतः घासून ठेवायचा. माझी बायको नको म्हणायची, तरी घासायचा. सहा वर्षं असं चाललं.

तर तेल. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. कुणीतरी गोरा माणूस हॉटेलातलं वापरलेलं तेल गाळून डिझेलच्या गाडीत ओतत होता, आणि गाडी चालत होती. मी तो व्हिडिओ किती वेळा पाहिला असेल? डिझेल महाग झालं होतं हे खरं. पण गरज होती का? — नव्हती. पगार चालू होता, मुलगी नोकरीला लागली होती. मला फक्त वाचवायचं होतं. काही माणसांना दारू लागते, मला वाचवणं लागतं. पंपावरची रांग बघत पुढून निघून जायचं, यात जे सुख होतं ते मला दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

आमच्या बिल्डिंगखाली फरसाणचं दुकान आहे. तळून तळून काळं झालेलं तेल त्याच्याकडे डब्यांत पडून असायचं. गावाला अवजारांना लावायला पाठवतो, असं सांगून मी ते न्यायला लागलो. बायकोच्या जुन्या सुती साड्या फाडून गॅलरीत गाळायचो. एकदा, दोनदा. मग चार दिवस डबा हलवायचा नाही, गाळ खाली बसला की वरचं अलगद काढून घ्यायचं. घरभर शिळ्या भज्यांचा वास. बायको वैतागायची, पण बाहेर बोलू नकोस म्हटलं होतं, ती बोलली नाही. रविवारी सुदामची सुट्टी. सकाळी पार्किंगमध्ये जाऊन मी ते टाकीत ओतायचो. थंडीत तेल घट्ट होतं, म्हणून त्यात थोडं रॉकेल मिसळायचो. ट्रकच्या यार्डात पार्ट धुवायला ठेवतात ते, एका क्लीनरकडून बाटलीत भरून आणलेलं.

सुदामला मी यातलं काही सांगितलं नाही. का? लाज वाटली असेल. किंवा वाटलं असेल, ड्रायव्हरला सगळं कशाला सांगायचं. बायका गाडीत त्याला चिडवायच्या — तुझ्या गाडीतून वड्यांचा वास येतो, आम्हाला रस्त्यातच भूक लागते. तो हे मला जेवताना हसत सांगायचा आणि मी मान खाली घालून भात कालवायचो. एकदा तो म्हणाला, दादा, गाडी सकाळच्या पारी लई कुथतीया. मी म्हटलं, म्हातारी झाली रे. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

आता किल्लीचं सांगावं लागेल. त्याशिवाय तुम्हाला पुढचं कळणार नाही.

आमच्या बाजारात ड्रायव्हरची चौकशी दोन प्रश्नांत होते. गाडी कशी चालवतो? आणि हात कसा आहे? हात म्हणजे डिझेल. ड्रायव्हर टाकीतलं डिझेल काढून विकतात आणि त्या जागी रॉकेल ओतून काटा वर आणतात, असं प्रत्येक मालक धरूनच चालतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर लोक मोकळेपणानं देतात. दुसऱ्याला कुणी गप्प राहिलं, की विचारणारा समजून जातो आणि विषय बदलतो. कुणी कुणाला तोंडानं चोर म्हणत नाही. म्हणून टाकीला कुलपाचं झाकण असतं, आणि किल्ली मालकाच्या खिशात. मी मात्र दुसरी किल्ली सुदामला दिली होती. पहिल्याच महिन्यात दिली होती. आणि ते मी बाजारभर सांगायचो — आपल्या माणसावर विश्वास टाकायला शिका म्हणून. लोक मला येडा म्हणायचे. मला ते आवडायचं.

जानेवारीतली गोष्ट. सकाळी गाडी बायकांना घेऊन निघाली आणि कळंबोलीच्या सर्कलपाशी बंद पडली. सुदामनं आणि बायकांनी मिळून ती ढकलत जवळच्या गॅरेजला नेली. मला फोन आला, मी स्कूटरवर पोहोचलो. मिस्त्री ओळखीचा, त्यानं तोवर बॉनेट उघडून नळी काढली होती. कारखान्याच्या सुपरवायझर बाई त्याच गाडीनं जायच्या, त्या बाजूला घड्याळ बघत उभ्या होत्या. मिस्त्रीनं नळीतून गळलेल्या डिझेलमध्ये बोट बुडवलं, वास घेतला, मग माझ्या नाकासमोर धरलं. म्हणाला, रॉकेल हाय शेठ.

होतंच, आणि त्याच्या उग्र वासात तेलाचा वास दबून गेला होता. मीच ओतलं होतं. रविवारी.

म्हणजे बघा — तोंड उघडायला तेवढंच पुरेसं होतं. मीच ओतलंय. दोन शब्द. ते माझ्या तोंडात आलेही असतील, मला आता आठवत नाही. पण मिस्त्री पुढं बोलायला लागला. इंजिनाचा पंप गेलाय, म्हणाला, पण डिझेलचा फिल्टर नवा कोरा आहे. तुम्ही बदलला का? मी म्हटलं, नाही. खरंच नव्हता बदलला. मग त्यानं ड्रायव्हरच्या सीटखाली हात घातला, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले तीन जुने फिल्टर बाहेर काढले. काळे, चिकट, गाळानं भरलेले.

मिस्त्री म्हणाला, भेसळ करणाराच गुपचूप फिल्टर बदलतो शेठ. गाडी चालू राहिली तर चोरी झाकून राहते.

सुपरवायझर बाईंनी सुदामकडे बघितलं. गॅरेजमधल्या दोघा-तिघांनी हातातलं काम थांबवून बघितलं. आणि त्या काळ्या फिल्टरांकडे बघताना मला कळलं — सगळं एकदम कळलं. सुदामला माहीत होतं. वासावरून म्हणा, सोमवारी आपोआप भरलेल्या टाकीवरून म्हणा, त्याला कधीच कळलं होतं की मी टाकीत काय ओततो. दादा बोलत नाहीत म्हणजे त्यांना बोलायचं नाही, एवढंच त्यानं ओळखलं. आणि बायका रस्त्यात अडकू नयेत म्हणून स्वतःच्या पगारातून फिल्टर आणून तो बदलत राहिला. तेच आता त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वर्तमानपत्रावर मांडलेलं होतं.

तो माझ्याकडे बघत होता. विनवणी नव्हती त्या बघण्यात, रागही नव्हता. सकाळी बिल्डिंगच्या गेटपाशी मागे राहिलेल्या एखाद्या बाईची वाट बघायचा ना, तसा तो वाट बघत होता. बोलतील दादा आता.

मी हात पुढे केला.

"सुदाम, टाकीची किल्ली दे."

एवढंच बोललो मी. चोर म्हटलं नाही. आमच्याकडे म्हणावं लागत नाही.

त्यानं खिशातून जुडगा काढला. कडी घट्ट होती, नख घालून ती किल्ली सोडवायला त्याला वेळ लागला. तेवढ्या वेळात तरी मी बोलू शकलो असतो की नाही? शकलो असतो. त्यानं किल्ली गॅरेजच्या फडक्याला पुसली आणि माझ्या हातावर ठेवली.

"दादा, बाया खोळंबल्यात," तो म्हणाला. "त्यांना दुसरी गाडी बघा आधी."

मग तो हायवेच्या बाजूला चालत गेला. मी बायकांसाठी दोन रिक्षा बघितल्या.

नंतर बरेच दिवस मी स्वतःला सांगत होतो की कंत्राट जाईल म्हणून गप्प बसलो. बाई समोर होत्या, भज्यांच्या तेलावर त्यांच्या कामगार बायका नेत होतो हे कळलं असतं तर त्यांनी दुसऱ्या दिवशी दुसरी गाडी लावली असती. हे खरं आहे. पण खरं कारण ते नव्हतं. मला हसतील, एवढंच होतं. साड्यांच्या चिंध्यांतून तेल गाळणारा माणूस म्हणून बाजारात माझं नाव पडेल. त्या नावाच्या भीतीनं मी त्याला चोर हे नाव लावून दिलं. इतक्या स्वस्तात.

पंप दुरुस्त झाला. दुसरा ड्रायव्हर ठेवला, किल्ली माझ्याच खिशात राहिली. तेल त्या दिवशी बंद केलं. उरलेले डबे फरसाणवाल्याला परत देऊन आलो. बायकोला सांगितलं, सुदामला दुसरीकडे चांगली नोकरी लागली. ती अजून म्हणते, सहा वर्षं माझ्या हातचं जेवला आणि जाताना सांगूनही गेला नाही. मी हं म्हणतो.

सुदामला कळंबोलीत कुणी गाडी दिली नाही. बायको आणि दोन मुली गावाला पाठवून तो एका गोडाऊनला हमाली करायला लागला. माझ्या ऑफिसपासून चार गाळे सोडून. लोखंडाच्या सळ्या उतरवतो. दिसला की हात वर करतो, मीही करतो. त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर माझ्या कानावर आलंच असतं, इथं काही लपत नाही. वर्षभरानं कारखाना दुसरीकडे हलला, मी गाडी भंगारात काढली. म्हणजे ज्यासाठी गप्प बसलो असं म्हणायचो, तेही उरलं नाही.

इथवर ठीक होतं. म्हणजे ठीक नव्हतं, पण संपलेलं होतं. माणसाकडून एकदा होतं, असं म्हणून मी झोपू शकत होतो, आणि झोपतही होतो.

मागच्या पंधरवड्यात समोरच्या ट्रान्सपोर्टचे मालक ऑफिसात आले. चांगला माणूस, बाजारात नवा. चहा मागवला. म्हणाले, पुण्याच्या लाइनीला एक गाडी वाढवतोय, ड्रायव्हर हवाय, तो सुदाम आला होता. मी त्याला विचारलं, आधी कुणाकडे होतास, तर म्हणाला, दादांना विचारा. त्यानं तुमचंच नाव दिलंय.

माझं नाव दिलं होतं त्यानं. चार वर्षांनी.

त्यांनी विचारलं, गाडी कशी चालवतो? मी म्हटलं, उत्तम. सहा वर्षांत एक ओरखडा नाही. त्यांनी मान हलवली. मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला.

आता ऐका, म्हणजे तुम्हाला मी नीट कळेन. ऑफिसात आम्ही दोघंच होतो. सुपरवायझर बाई नव्हत्या, कंत्राट नव्हतं, गाडी नव्हती. हसायला कुणी नव्हतं. तेलाचं एक अक्षर न काढता नुसतं "हात स्वच्छ आहे" म्हटलं असतं, तरी त्याच्या मुली परत आल्या असत्या.

मी कप उचलला. त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मग लोखंडाचा भाव काय चाललाय म्हणून विचारलं. तो मी सांगितला.